फुली नसलेला पलंग

तुम्ही विचारलंत, खारूच्या खोलीत पलंग का नाही, म्हणून सांगते. दार तेवढं लोटून घ्या, ती झोपली आहे.

गेल्या वर्षी खारूला मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवलं. घरच तिकडे हलवायचं ठरलं; हे तिच्यासोबत पुढे गेले आणि सामान नेणं माझ्याकडे आलं. अख्खी गाडी परवडत नव्हती, म्हणून अर्धी घेतली. उरलेल्या अर्ध्या गाडीत दुसऱ्या एका बाईंचं सामान होतं. हमालांच्या मुकादमाने लाल खडू काढला.

"ताई, फुली तुमची, गोल त्यांचा. म्हणजे घोळ नको."

कपाटावर, गाद्यांवर, डब्यांवर फुल्या पडल्या. तो खारूच्या छोट्या पलंगाकडे वळला, तसा मी त्याचा हात अडवला.

"त्यावर नको हो, दादा. आजारी लेकराच्या अंथरुणावर फुली बघवायची नाही मला."

तेव्हा माझं व्रत चालू होतं. खारू आपल्या पायांनी नव्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मी कुणाही परक्याच्या घरात पाऊल टाकणार नव्हते. धरलेलं व्रत मी आजवर मोडलेलं नाही.

ड्रायव्हरशेजारी बसले. "दोन संसार एका गाडीत आहेत, ताई. भांडणं लागली तर तुम्हीच सोडवायची," तो म्हणाला. किती दिवसांनी हसले मी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या बाईंचं घर आलं. बाई स्वतः एक दिवस मागाहून पोहोचणार होत्या. त्यांनी दिलेल्या किल्लीने ड्रायव्हरने कुलूप उघडलं आणि हमाल सामान आत टाकू लागले. तेवढ्यात ह्यांचा फोन आला.

"तिला श्वास घेता येत नाहीये गं… तू कुठवर आलीस?"

फोन ठेवला आणि पाहते तर खारूचा पलंग दारातून आत चाललेला.

"अहो, तो आमचा!"

"फुली कुठाय, ताई?" आतून एका हमालाचा आवाज आला. हमाल पलंग ठेवून बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या नळावर पाणी प्यायला गेले.

मी धावले. उंबऱ्याशी पाय आपोआप थांबले.

आत अंधार होता. बंद घराचा कोंदट वास, डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली औषधाचा… अगदी खारूच्या उशीला यायचा तसा. मग आवाज आला. चादरीवरून तळहात फिरवल्याचा, सुरकुती काढल्यासारखा. हळू… पुन्हा हळू.

"कोण आहे?"

"राहू दे ना इथेच," आतून एक बाई म्हणाली. मला पलंगाच्या कडेवरचा तिचा हात तेवढा दिसला. "नाहीतर… आत या. घेऊन जा."

मी चौकट घट्ट धरली. आत गेले तर व्रत मोडणार, आणि तिकडे माझं लेकरू एकेका श्वासासाठी तडफडत होतं. लाकूड काय, परत घेता येईल.

"ठेवून घ्या, ताई," मी म्हटलं. रडू आवरेना. "पण माझ्या मुलीला…"

"मुलगी घरी येईल," ती म्हणाली. "आपल्या पायांनी येईल."

मी तो आशीर्वाद समजले. हात जोडले. कुणाची मुलगी, ते विचारायचं राहिलं.

हमाल परतले. "काढायचा का पलंग?"

"नको. आतल्या बाईंना हवाय."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. "आत कोण असणार, ताई? कुलूप मीच काढलं ना?"

संध्याकाळी इस्पितळात पोहोचले, तर खारू शांत झोपली होती. पंधरवड्याने तिला घरी आणलं. मी दारात हात पसरून उभी राहिले. खारू नेहमी चपला भिरकावते. त्या दिवशी तिने त्या काढून भिंतीला लावून नीट ठेवल्या. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काकू… आत येऊ?"

हे हसले. "लाडात आलीय!"

मीही हसले. ये म्हटलं. ती आपल्या पायांनी आत आली आणि व्रत पुरं झालं.

खूप गुणी आहे हो. जेवते, अभ्यास करते. खारू म्हटलं की वळत नाही, एवढंच. पलंग नको म्हणते. "माझा आहे ना तिकडे," म्हणते.

त्या पहिल्या दिवशी न्हाऊ घालताना तिच्या मानेखाली एक लाल गोल दिसला. साबणाने जात नाही, पण बोट फिरवलं की बोटाला खडूची भुकटी लागते.

निघेल. मी नवं व्रत धरलंय. रोज थोडा पुसते.