पेगसाहेबांची खूण

प्रवासी विमानासाठी बनवलेलं तिसरं जेट इंजिनही चाचणीघरात फुटलं आणि डर्बीच्या त्या कारखान्यातली सगळी बोटं ब्रोनेककडे वळली. ब्रोनेक हा इंजिनाची पाती बसवणारा पोलिश फिटर. महायुद्ध इंग्लंडच्या बाजूने लढलेला, पण परका तो परकाच! पोलिसांची गाडी दारात येऊन उभी राहिली.

मुख्य इंजिनियर हॅलम यांनी खासगी शोधक थ्रेलबाईंना बोलावलं, एवढं मात्र शहाणपणाचं झालं. बाईंबरोबर निवृत्त हवालदार क्लेग होताच.

"घातपाती सापडलाय. चौथं इंजिन दुसऱ्या फिटरकडून जोडून विमानावर चढवलंय, दुपारी चाचणीचं उड्डाण," हॅलम म्हणाले. "मला फक्त पुरावा हवा."

"हेच इंजिन लढाऊ विमानांत चालतं ना?" थ्रेलबाईंनी विचारलं.

"वर्षभर, बिनतक्रार. टर्बाइनची पातीसुद्धा तीच."

फुटलेली पाती टेबलावर पडली होती. प्रत्येकाला तडा बुडाशी, एकाच जागी.

"करवत चालवली असणार," क्लेग म्हणाला.

"मग करवतीचा ओरखडा कुठाय, शहाण्या?"

पोलिसांच्या पहाऱ्यातला ब्रोनेक पुढे झाला. "बाई, लढाऊ इंजिनांची पातीही मीच बसवायचो. मोडायचंच असतं तर तेव्हा नसतं मोडलं? बायको पोटुशी आहे माझी. मला परत पोलंडात धाडलं तर तिथे भिंतीपाशी उभं करून गोळी घालतील."

मुख्य तपासनीस पेग कानावर पेन्सिल खोचून आले.

"पहिल्यापासून संशय होता मला त्याचा! अहो, लढाऊ पात्यांवर पोरं खडूने फुली मारतात न् मोकळी होतात. पण या विमानात बायामुलं बसायची. म्हणून यातलं एकेक पातं मी जातीने पारखतो."

बोलता बोलता त्यांनी बाईंचा प्रवेशपास घेतला आणि पेन्सिलीने कोपऱ्यात बारीकशी खूण केली. "आमची पसंती झाली. आता खुशाल फिरा."

थ्रेलबाई त्या खुणेकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी दोन कोरी पाती आणि एक पेटती भट्टी मागितली.

दुपारी सगळे भट्टीपाशी जमले. बाहेर विमानाचं इंजिन शिटी घालू लागलं होतं.

बाईंनी भट्टीत तापवून निवलेलं एक पातं शिकंज्यात धरून हातोडा मारला. ते नुसतं वाकलं. दुसऱ्यावर तसाच घाव घातला. कट्! बुडाशी तुकडा पडला!

"पाती सारखीच, आचही सारखी. दुसऱ्याच्या बुडाशी मी फक्त पेन्सिलीने खूण केली होती, पेगसाहेब पसंत पात्यावर करतात तशी. पेन्सिलीत कार्बन असतो. पातं लालबुंद तापलं की तो धातूत मुरतो आणि तेवढी जागा ठिसूळ होते. वरची खूण जळून जाते, म्हणून कुणाला दिसली नाही. खडूची पाती वर्षभर टिकली. फुटली ती जिवापाड पारखलेली!"

"हॅलमसाहेब, विमान!" क्लेग ओरडला, पण हॅलम केव्हाच मैदानाकडे धावत सुटले होते.

शिटी खाली खाली येत थांबली. विमानात बसलेली चारही माणसं जमिनीवर उतरली.

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालेले लोक आता माना खाली घालून उभे होते. आणि इथे तर चोरही नव्हता.

पेगांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मीच त्या चौघांना..."

ब्रोनेकने खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या, पेगसाहेब. पारखायचं मात्र तुम्हीच. या विमानात माझं पोरही बसेल कधीतरी."