विजारीच्या दोन मुठी

ऑरिन टेट शिंप्याच्या दुकानात शिरला तो आडवा, खेकड्यासारखा, पाठ भिंतीला घासत.

"ब्रान्टसाहेब नाहीत का?"

"पापा पाद्रीसाहेबांच्या कोटाचं माप घ्यायला गेलेत. काय फाटलंय?" ओटिलीने सुईवरची नजर न काढता विचारलं.

"काही नाही... मी थांबतो."

"तासभर लागेल. पाद्रीसाहेब उन्हाळ्यात बरेच वाढलेत."

मिलर्सफोर्ड कॉलेजच्या फुटबॉल संघातला हा सगळ्यांत दांडगा गडी. दर शनिवारी चेंडू छातीशी धरून अकरा जणांना अंगावर घ्यायचा, पण एका मुलीकडे पाठ करायला तयार नव्हता. ओटिलीने शेवटी वर पाहिलं, सगळं समजली आणि खुंटीवरचा एप्रन त्याच्याकडे फेकला.

"घ्या. पुढे नव्हे, मागच्या बाजूला झाका."

१९०५ सालचा तो सप्टेंबर होता. त्यानंतर दर सोमवारी ऑरिनचं काही ना काही फाटू लागलं. ओहायोतल्या त्या गावात कापड अचानक इतकं नाजूक कसं झालं, असा प्रश्न म्हाताऱ्या ब्रान्टला पडला असावा. पण त्याने तो तोंडातल्या टाचण्यांमागे दाबून ठेवला.

ऑक्टोबरात एके दिवशी ऑरिनने चामड्याच्या दोन मुठी मेजावर ठेवल्या. प्रवासी पेटीला असतात तशा.

"ह्या विजारीला शिवायच्या. कमरेशी, दोन्ही बाजूंना."

"कुठे निघालात?"

"समोरच्या फळीतून पलीकडे. आमचे दोघे ह्या धरणार आणि मला फेकणार."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"माझं कुणी विचारलं नाही. मी फक्त चेंडू धरायचा."

तिने कमरेभोवती टेप धरला. तिने श्वास रोखला... त्यानेही. माप दोन इंच चुकलं.

मेणाच्या दोऱ्याने तिने मुठी अशा पक्क्या बसवल्या, की त्या धरून घोडा उचलावा. मिलर्सफोर्डने पुढचे चारही सामने जिंकले. कप्तान लायमन पग छाती काढून हिंडू लागला. ओटिली शिवताना गुणगुणू लागली.

मग नोव्हेंबरातला तो शनिवार आला. पावसाने मैदानाची रबडी झाली होती. समोरच्या संघातही असाच एक मुठीवाला होता. त्याच्या सोबत्यांनी त्याला फेकलं, तो डोक्यावर पडला आणि वर चौदा जण पडले. चौदाही उठले, तो नाही. त्या पोराचे पाय अजून हलत नव्हते. वर्तमानपत्राने लिहिलं, सामना चुरशीचा झाला.

सोमवारी ऑरिन आला, तो जरुरीपेक्षा जास्त हसत होता. उजवी मूठ सैल झाली होती.

"घट्ट कर हं. गुरुवारी, आभारदिनाला, ॲशबी कॉलेजशी शेवटचा सामना."

"त्या मुलाला पाहिलंस?"

"पाहिलं."

"भीती नाही वाटत?"

"चेंडू घेऊन घुसणाऱ्या फुलबॅकला?" तो हसला. हसू अर्ध्यावरच संपलं. "दोनदा जाऊन आलो त्याच्याकडे. तो विचारत होता... आपण जिंकलो का?"

"मग नको ना खेळूस."

"आणि गावाला काय सांगू? शिंप्याच्या मुलीने नको म्हटलं?"

"सांग की. गाव मला ओळखतं."

तो दाराकडे वळला. विजार ठेवून गेला.

ओटिलीने दोन्ही मुठी उसवल्या. मेणाचा दोरा उचलला, खाली ठेवला. कोट बेतून पाहताना घालतात तो पांढरा कच्चा दोरा घेतला आणि मोठमोठे टाके घातले. फटदिशी ओढलं तर सुटतील असे. त्यावर काळी चिंधी टाचली. बापाच्या दुकानातून असं काम कधी बाहेर पडलं नव्हतं. तरी टाके सरळ आले. सवय!

आभारदिनाला टर्की भट्टीत सोडून अख्खं गाव मैदानावर लोटलं. कॉलेजच्या मुलींनी कोटांना बशीएवढ्या शेवंत्या लावल्या होत्या. ॲशबी चार गुणांनी पुढे. शेवटचं मिनिट. चेंडू गोलरेषेपासून दोन पावलांवर. पार केली की पाच गुण.

पगने खूण केली. दोघांनी ऑरिनच्या मुठी धरल्या. ओटिलीने बापाचा दंड इतका आवळला, की म्हातारा कळवळला.

एक हिसका... आणि ते दोघे हातात एकेक मूठ घेऊन उताणे पडले. ऑरिन चिखलात बसकण मारून बसला. त्याच्यापुढे, तो जिथे पडायचा होता नेमकं तिथे, वीसेक माणसांचा ढीग कोसळला. शिट्टी वाजली.

तासाभरात पग दुकानात. मागे चिखलाने माखलेला ऑरिन.

"ब्रान्टसाहेब, हा दोरा? बाहुलीचं झबलं शिवत होतात की काय? सगळा हंगाम मातीत घातलात!"

म्हाताऱ्याने तुटलेला टाका उजेडाकडे धरला. मुलीकडे पाहिलं.

"माझी नजर कमी झालीय," तो म्हणाला. "माझी चूक."

"पापा, नको." ओटिली पुढे आली. "मी शिवलं. मुद्दाम."

पगचं तोंड उघडं राहिलं. ते मिटायच्या आत ऑरिन बोलला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"सकाळी विजार चढवतानाच पाहिलं. चिंधीखाली पांढरा दोरा होता."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"कारण मला भीती वाटत होती, पग. त्या शनिवारपासून वाटतेय. आणि कुणीतरी मला वाचवायला बघत होतं... तो दोरा काढून टाकवेना."

"पुढच्या वर्षी कप्तान व्हायचा होतास तू!"

"हो."

"कॉलेजात कुणी तोंड बघणार नाही तुझं!"

"बरं."

पग दार आपटून गेला. ब्रान्ट खाकरला, टर्की करपेल म्हणाला आणि कोट न घालताच घराकडे निघाला.

"फार नुकसान केलं तुझं," ओटिली जमिनीकडे बघत म्हणाली.

"केलंस."

"आता तरी भीती गेली?"

"जास्तच वाटतेय."

"आता कसली?"

"तू नाही म्हणशील ह्याची."

"आधी विचारून तर बघ..."

त्याने लग्नाचं विचारलं. चार शब्दांचा प्रश्न, त्यात तीनदा अडखळला. तिने प्रश्न पुरा होऊ दिला नाही, आधीच हो म्हणाली.