एकच राहू दे

सोळावा दिवस, सकाळी दहा

मंगळावरून नागपूरला आवाज पोचायला अकरा मिनिटं लागत होती. उत्तर यायला आणखी अकरा. फिलोमिना डाबरे प्रश्न विचारायची आणि भात टाकायची. भात होईपर्यंत उत्तर यायचं. उत्तर लांबलं, तर भात लागायचा.

धात्री स्थानकावर तिघं आले होते. दोघं आजारी पडले आणि परतीच्या यानाने गेले. यंत्रगर्भाशयाजवळ कोणीतरी हवं, म्हणून ती राहिली. पुढचं यान सात वर्षांनी.

यंत्रगर्भाशयाला नऊ कप्पे. त्यांतले आठ आता रिकामे. नवव्यात पेशींचं एक गोल, चपटं पटल, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. चौदाव्या दिवशी त्याच्या एका कडेला रेषा उमटायला हवी होती. आज सोळावा. आधीची आठ पटलं अशीच कोरी राहिली आणि विरून गेली.

"उष्णता बरोबर, पोषण बरोबर," ती म्हणाली. "मग का नाही उमटत, सोनटक्के? केंद्राच्या समितीला सांगता तसं नको. मला सांगा."

भात टाकला. भात झाला.

"लई चांगलं सांभाळतो आपण, म्हणून." डॉ. हेरंब सोनटक्के म्हणजे नागपूर केंद्रातले गर्भतज्ज्ञ. दोन वर्षांत तिच्याशी रोज बोललेला एकमेव माणूस. "आईच्या पोटात पटल एका बाजूने चिकटलेलं असते. एका कडेला संकेतद्रव जास्त, समोरच्या कडेला कमी. तेवढ्या फरकावरून पेशींना समजते, बूड इकडे, डोकं तिकडे. मग बुडाकडच्या पेशी ओळीने आत शिरतात. तीच आद्यरेषा. खोल गेल्या त्यांचं आतडं होते, यकृत होते. मधात थांबल्या त्यांचं रक्त, हाडं, हृदय. बाहेर राहिल्या त्यांची कातडी अन् मेंदू. तीन थर. माणूस तिथून सुरू होतो, बाई. अन् आपलं यंत्र पाहा. सगळीकडून सारखं उबदार, सारखं ओलं. हजारो पेशी, सगळ्या सारख्या, पुढं व्हायला एकीजवळही कारण नाही. पंगतीतल्या व्याह्यांसारखं. तुम्ही आधी, छे छे, तुम्ही आधी. तोवर वरण गार."

ती हसली. ते हसू त्यांच्यापर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागणार होती, म्हणून तिने ते पाठवलं नाही.

"आणि एका कडेला संकेतद्रवाचा थेंब दिला तर?"

पुन्हा बावीस मिनिटं. भात आता खपणार नव्हता. ती नुसतीच बसली.

"तेच म्हटलं मी समितीला. एक थेंब पुरे. पहिली रेषा उमटली की ती बाकीच्या कडांना गप्प करते, म्हणून तर आपण एकेकटे जन्मतो. पण समिती नाही म्हणते. थेंब कोणी द्यायचा, कोणत्या कडेला द्यायचा, ते माणसानं ठरवू नये म्हणे. उद्या सकाळी कप्पा बंद करा असा आदेश आहे. मी फक्त सांगायचं काम करतो, बाई. वाईट वाटते."

सात वर्षं, ती म्हणाली. ध्वनिग्राहक बंद होता.


अकरा चाळीस

पटलाच्या कडा ती आणि सोनटक्के घड्याळाच्या आकड्यांनी ओळखत. तिने सूक्ष्मसुई सहाच्या कडेला आणली आणि एक थेंब सोडला. सुई मागे घेतली.

मग ध्वनिग्राहक सुरू केला. "सोनटक्के, मी थेंब दिलाय. सहाच्या कडेला. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हीही अडकला असता. चौकशी झाली तर तुम्हाला काही ठाऊक नव्हतं."


अकरा सत्तेचाळीस

सुई हलली.

फिलोमिनाचे दोन्ही हात मांडीवर होते. सुई आपोआप वळली, बाराच्या कडेला गेली, एक थेंब सोडून परत जागेवर आली. पृथ्वीवरून ती चालवता येत असे. दोन वर्षांत कोणी चालवली नव्हती.

सुईच्या मागोमाग आवाज आला, अकरा मिनिटं जुना.

"बाई, घाबरू नका, मी आहे. थेंब दिला. बाराच्या कडेला. तुम्ही काही केलं नाही, तुम्हाला काही माहीत नाही. नोकरी जाईल तर माझी जाईल."

त्याच क्षणी तिचा आवाज नागपूरच्या वाटेवर होता. वाटेत कुठेतरी दोन्ही आवाज एकमेकांना ओलांडून गेले होते. थांब म्हणायला तिथे कोणीच नव्हतं.


सतरावा दिवस, दुपारी एक

दोन रेषा. एक सहाकडून, एक बाराकडून, दोन्ही मध्याकडे सरकत होत्या. सकाळी कप्पा बंद करायचा आदेश तिने पाळला नव्हता.

"बारा वाजवले आपण त्याचे," सोनटक्के म्हणाले, पण आवाजात गंमत नव्हती. "तासाभराचा जरी फरक असता, तरी पहिलीनं दुसरीला गप्प केलं असतं. सात मिनिटं म्हणजे एकाच वेळी. दोघीही पहिल्याच. नीट ऐका. रेषेचं पुढचं टोक म्हणजे डोकं. दोघी डोक्याकडून जवळ येत आहेत. साडेतीनच्या सुमारास भिडतील. मग डोकी जुळलेली. ते जगणार नाही."

"मग?"

"दोन उपाय. एकीला दमनद्रव देऊन गप्प करायचं. दुसरी ठणठणीत वाढेल. नाहीतर प्रकाशपात्यानं पटल मधोमध चिरायचं. आठ कप्पे रिकामे आहेत, जागेची अडचण नाही. साधलं तर जुळ्या मुली. नाही साधलं तर काहीच नाही. कापताना सुई केसभर जरी हलली, तरी दोन्ही गेल्या."

तिने रेषांकडे पाहिलं. काल तिथे कोणीच नव्हतं. आता एकीला गप्प करायचं म्हणजे कोणाला तरी करायचं.

"मी चिरते," तिने दोन वाजता सांगितलं. "पण तुम्हाला काय वाटतं ते कळवा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

उत्तर दोन बावीसला यायला हवं होतं. आलं नाही. अडीच. पावणेतीन. तिने प्रकाशपातं तापवून ठेवलं.


तीन वाजून दोन मिनिटं

"लई विचार केला, बाई. एकच राहू दे. बाकी मी बघतो."

एवढंच. मग खरखर.

तिने ते तीनदा ऐकलं. एकच राहू दे. म्हणजे एकच रेषा. बाकी मी बघतो. म्हणजे तिची सहाची रेषा ठेवून ते आपली बाराची गप्प करणार. सोनटक्के तसेच होते. व्याह्यांच्या पंगतीत पानावरून उठून जागा देणारे. दमनद्रवाची आज्ञा कदाचित निघालीही असेल. ती पोचेल तेव्हा हिचं पातं पटलावर असेल, आणि सुई हलेल.

आणि आपणही भलेपणाने आपली सहाची रेषा गप्प केली तर? दोन भली माणसं, अकरा मिनिटांचं अंतर. काल दोघांनी दिलं म्हणून दोन झाल्या. आज दोघांनी घेतलं तर एकही उरणार नाही.

पेशींनाही हेच जमत नव्हतं. सारख्याच दोघांपैकी कोणी पुढं व्हायचं, हे दोघं मिळून ठरवू शकत नाहीत. फरक कुठूनतरी यावा लागतो.

आज्ञा आणि आवाज छतावरच्या एकाच अँटेनाच्या थाळीतून येत. मंगळावर तिला ऐकू येणारी दुसरी गोष्ट नव्हती. तीन वाजून नऊ मिनिटांनी तिने थाळी आकाशाच्या रिकाम्या भागाकडे वळवली. खरखरही थांबली.

मग तिने प्रकाशपातं पटलाच्या मध्यावर आणलं आणि


पाच वाजून चाळीस

दोन कप्पे. नऊ आणि चार. चार हा रिकाम्यांतला सगळ्यात उबदार होता. दोन्ही अर्ध्यांच्या कडा मिटल्या होत्या. दोन्हींत रेषा होती, आणि रेषेच्या पोटात पेशी एकामागून एक उतरत होत्या, खोल, मधे, खोल. तिने बराच वेळ मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

थाळी परत फिरवली.

"सोनटक्के, दोघी आहेत. ऐकताय? मी तुमचं ऐकलं नाही. रागवा. पण बोला."

बावीस मिनिटं. तिने काहीही शिजवलं नाही.

"धात्री स्थानक, मी कुंदा ढोमणे." तरुण, अनोळखी आवाज, कागदावरून वाचणारा. "आजपासून संपर्क माझ्याकडे. डॉ. सोनटक्के यांनी आज दुपारी दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी स्वतःचा प्रवेशसंकेत कायमचा रद्द केला. सुई आणि आवाज दोन्ही त्याच संकेतावर चालत असल्यामुळे त्यांचा निरोप अर्धवट गेला असावा. नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा संकेत मिळत नाही. त्यांनी समितीला दिलेली चिठ्ठी नोंदीसाठी वाचते: पटलावर दोन हात नकोत. एकच राहू दे, डाबरेबाईंचा. माझ्याच्यानं राहवणार नाही, म्हणून दार लावून घेतो."

फिलोमिनाने घड्याळ पाहिलं नाही. हिशोब सोपा होता. तो निरोप तिच्यापर्यंत पोचला, तेव्हा सोनटक्क्यांची खुर्ची अकरा मिनिटं रिकामी होती. थाळी फिरवली, तेव्हा तर अठरा.

"धात्री स्थानक?" ढोमणे म्हणाली, अकरा मिनिटांपूर्वी. "पुढची नोंद करायची आहे. काही विचारायचं असल्यास विचारा."

फिलोमिनाने ध्वनिग्राहक सुरू केला. तो बराच वेळ सुरूच राहिला. नागपूरला त्यातून यंत्रगर्भाशयाची घरघर तेवढी ऐकू गेली, सगळीकडून सारखी.