टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी

"हळू उपट रे! मुळं तुटतील!" भिंगरी ओरडली.

तिच्या धाकट्या भावाने, चष्म्यामुळे घरादाराच्या 'प्रोफेसर'ने, टोमॅटोचं झाड अलगद बाहेर काढलं. मामाचं शेत तळ्याच्या अगदी काठावर. पाण्याला तोटा नाही, तरी महिनाभर झाडं भर दुपारी माना टाकत होती. भिंगरीने सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला होता: शेजारच्या रोपं विकणाऱ्या काकू पाटात विष कालवतात! तसं तिने चारचौघांत काकूंना सुनावलंही होतं.

प्रोफेसरने मुळं बादलीत खळबळून धुतली. "ताई, हे बघ!"

मुळांवर मण्यांसारख्या गाठीच गाठी!

"खत कमी पडलं असेल," मामा बांधावर पडल्यापडल्या म्हणाला. "टाका दोन मुठी."

"मामा, तुझं सगळ्यावर एकच औषध!" भिंगरी म्हणाली.

दोघांनी झाड पिशवीत घातलं आणि सायकलवरून माती तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. बाई सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या.

"सूत्रकृमी! दोऱ्यासारखे किडे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. मुळांत शिरून रस पितात. मग पाणी असूनही झाड तहानलेलंच."

"म्हणजे पाण्यात विष नाही?" भिंगरीने विचारलं.

"छे! आणि हे किडे स्वतः फार लांब जातही नाहीत. आपणच त्यांना नेतो. कुदळीला लागलेली माती, बुटांचा चिखल..."

भिंगरीने आपल्या बुटांकडे पाहिलं. काकूंवर पाळत ठेवायला ती आठ दिवस रोज मामाच्या टोमॅटोतून थेट काकूंच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात जाऊन लपली होती. चिखलाने लडबडलेल्या बुटांनी! आणि आज संध्याकाळी काकूंची रोपं तळ्याकाठच्या सगळ्या शेतांत जाणार होती.

"गप्प बस," शेतावर परतल्यावर सगळं ऐकून मामा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"आणि सगळ्यांची झाडं माना टाकतील, तेव्हा मी कुणावर आळ घेऊ?"

ती धावत सुटली. मागून प्रोफेसर, त्याच्यामागून "अगं थांब!" करत मामा.

काकूंच्या दारात टेम्पो भरत होता. शेतकरी जमले होते.

"या बाईसाहेब! आज काय कालवलंय मी पाण्यात?" काकूंनी विचारलं. सगळे हसले.

भिंगरी पुढे झाली. "काकू, टेम्पो थांबवा. तुम्ही काही केलं नव्हतंत. मीच केलं..." अडखळत तिने सगळं सांगितलं. आता कुणीच हसत नव्हतं.

काकूंनी कोपऱ्यातलं एक रोप उपटून पाण्यात बुचकळलं. बारीक बारीक गाठी!

"सगळी रोपं खाली उतरवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तपासल्याशिवाय एकही जाणार नाही." मग भिंगरीकडे वळल्या. "महिन्याची मेहनत गेली तरी चालेल पोरी. पण तू मला विष कालवणारी ठरवलंस."



"पोरीने सगळ्यांची शेतं वाचवली मात्र!" एक म्हातारे शेतकरी म्हणाले. "शाबास!"

"नका ना शाबास म्हणू, आजोबा," ती रडकुंडीला आली.

"म्हणू देत," काकू म्हणाल्या. "हे असं चारचौघांत सांगायला मोठ्यांचीही जीभ रेटत नाही."

मामाने खाकरून घसा साफ केला. घामाने डबडबलेला तो दारातच उभा होता.

"गाठी मी गेल्या वर्षीच पाहिल्या होत्या," तो म्हणाला. "बोललो नाही. लोक नावं ठेवतील म्हणून."

मग तो खाली बसला आणि कोपऱ्यातल्या वाफ्यातली रोपं एकेक करून उपटू लागला. भिंगरीही त्याच्या शेजारी बसून रोपं उपटू लागली.