सतरावी टोपी

बकाराम आजा सापडला.

सुखरूप सापडला, सगळ्या अवयवांसकट सापडला, आणि सापडल्यावर "बस कायले थांबवून ठेवली?" असं वर तोंड करून विचारता झाला. पण सहल नेणाऱ्या बियाणे कंपनीच्या अहवालात लिहिलंय की तो हरवलाच नव्हता. आणि जो हरवला नाही तो सापडणार कसा? तेव्हा हे सापडणं झालेलंच नाही, असं आपणही धरून चालू. मे महिना आहे. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली आहेत. देवरी तालुक्यातल्या एका गावात, बोडीच्या पाळीवर बसलेली फुलवंता फोनकडे टक लावून पाहते आहे.

बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं. तिच्या पाळीवर, तिसऱ्या मोहाच्या झाडाखाली, गावाचं सगळं नेटवर्क राहायचं. दोन पावलं डावीकडे सरकलं की संपलं! म्हणून बकाराम आजाची बारा वर्षांची नात फुलवंता, तिचा चौदा वर्षांचा चुलतभाऊ योगराज आणि शेजारचा दहा वर्षांचा पिंटू एकमेकांना चिकटून बसले होते. मोठी माणसं पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेली. फुलवंताकडे बाबांचा फोन होता. पिंटूकडे आईचा होता, पण त्यावर तो फुगे फोडत होता.

"आला का फोटो?" पिंटूनं टेंभराची, म्हणजे तेंदूच्या फळाची, बी थुंकत विचारलं.

"आला. पन..."

"पन काय?"

"आजा हासून राहिला."

तिघांनी फोनवर डोकी घातली. जपानातल्या कुठल्याशा डोंगरी गावात, मोठ्या छपराच्या लाकडी घरांसमोर, लाल टोप्या आणि लाल गमछे घातलेली माणसं ओळीनं उभी होती. खाली लिहिलं होतं : 'दिवस पाचवा. १७ पैकी १७ हजर. हिमांशू सर.'

फुलवंतानं मोजलं. सतरा टोप्या. पुन्हा मोजलं. सतराच. टोकाला, जरा मागे, बुटका आजा. गालात हसणारा.

"हासू दे ना," योगराज म्हणाला. "फिरायले गेला आहे. रडावं का त्यानं?"

"आजा फोटोत कधी हासला आहे का? त्याचं आधार कार्ड पाह्य. लग्नातला फोटो पाह्य. काल देवळातला पाह्य, परवा त्या मोठ्या शहरातला पाह्य. सगळीकडं असा पाहते का फोटोवालाच चोर आहे!"

ते खरंच होतं.

आता आजा जपानात गेलाच कसा, ते सांगायला हवं. कारण फुलवंताची काळजी तिथूनच निघालेली. धानाच्या बियाण्याच्या थैलीत कुपन निघालं होतं. ते तिनंच नखानं खरडलं. बाकी गावाला स्टीलचे चमचे निघाले. तिला जपान निघालं! आजाच्या नावावर.

"मले कायले पाठवून राहिली व?" आजा म्हणाला होता. "दुकानदाराले विचार, बदल्यात चमचा देते का."

फुलवंता तीन दिवस मागे लागली. शेवटी आजानं खरी गोष्ट विचारली, "अन् हरवलो त?"

"मी मोजून राहीन ना रोज! फोटो येईन, मी मोजीन. तू भिऊ नको."

हरवण्यात आजा तसा नवखा नव्हता. मागच्या पावसाळ्यात तो दात काढायला देवरीला निघाला आणि संध्याकाळी एका अनोळखी माणसाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करताना सापडला. दात अजून तोंडात आहे. फोन मात्र त्यानं जपानला नेला नाही. "तिकडं मले कोन वळखते? फोन करन कोन?"

फुलवंतानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा. आजाचे डोळे मिटलेले होते. मिशी नव्हती. कान खांद्यापर्यंत आले होते.

"याले पायच नाही," पिंटू म्हणाला.

तो दगडाचा होता. गळ्यात कोणीतरी बांधलेलं लाल फडकं, डोक्यावर कंपनीची लाल टोपी, आणि चेहऱ्यावर शांत हसू. रस्त्याकडेचा एक देव.

"आजा देव झाला का बे?" पिंटूनं कुजबुजत विचारलं. त्याच्या हातातलं टेंभर खाली पडलं आणि त्यानं ते उचललंसुद्धा नाही. यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

"गप!" फुलवंता योगराजकडे वळली. "योगराज, बस कितीले निघते तिथून?"

योगराजनं मनगटावर पेनानं लिहिलेलं वाचलं. "एक वाजता. जपान म्हनजे आपन अधिक साडेतीन. म्हनजे आपले... साडेनऊ! मंग राजधानीत मुक्काम. उद्या सकाळी विमान."

नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती.

हिमांशू सर गोंदिया शहरातले. त्यांनी चौथ्या रिंगला फोन उचलला.

"सर, आमचा आजा नाहीये!" फुलवंता ओरडली.

"अरे, टेन्शन मत लो बेटा. सतरा के सतरा आहेत. आत्ताच टोप्या मोजल्या."

"टोप्या नका मोजू, मानसं मोजा!"

"बेटा, माणसं हलतात. एक मोजावा तर दुसरा शू करायला जातो. म्हणून मी फोटो काढतो आणि फोटोतल्या टोप्या मोजतो. सिस्टिम आहे. हा जपान आहे, इथे सगळं सिस्टिमनं चालतं."

"पन तो दगड..."

"बकारामकाका थोडे चुपचाप आहेत, मान्य. पण दगड म्हणू नये बेटा. बडे हैं." आणि फोन बंद.

पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. तिकडे आजा एकटाच. भाषा येत नाही. खिशात फोन नाही. खिशात काय आहे? सुपारी आणि आधार कार्ड. आणि त्याला पाठवलं कोणी? तिनं.

"लहान पोरांचं ऐकत नाही ना," योगराज उठून उभा राहिला. "मंग मोठ्याचं ऐकन. पिंटू, तुहा फोन दे. हा नंबर त्याच्यापाशी नसन."

गेल्या महिन्यापासून योगराजच्या गळ्यात दोघं जण राहायला आले होते : एक ठाणेदार आणि एक कोंबडी. त्यातलं कोण कधी बोलेल, हे त्यालाही माहीत नसायचं. त्यानं घसा खाकरला, आपल्या बाजूचा कॅमेरा अंगठ्यानं झाकला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"हॅलो! हेड ऑफिसातून चैतराम साहेब बोलतोय!" ठाणेदार निघाला. तिघांनी सुटकेचा श्वास सोडला.

"स-सर! नमस्ते सर!" पडद्यावर हिमांशू सर ताठ झाले. "सर, तुमचा चेहरा दिसत नाहीये."

"मीटिंगमध्ये आहे. ऐका! कॅलेंडरसाठी फोटो पाहिजे. सगळ्यांच्या टोप्या उलट्या करा. सतराच्या सतरा! एक जरी सुलटी राहिली तर मी तुम्हांला... क्याऽऽक!"

"सर? मागे कोंबडी आहे का?"

"मीटिंगलाच आली आहे!" ठाणेदार गरजला. "टोप्या!"

"येस सर!"

हिमांशू सरांनी टाळ्या वाजवल्या. बसची वाट पाहत तिथंच उभ्या असलेल्या मंडळींनी भराभर टोप्या फिरवल्या. कॅमेरा ओळीवरून सरकत गेला. उलटी, उलटी, उलटी... आणि टोकाला एक सुलटी.

"ओ कोनेवाले काका! टोपी उलटी करा! काका, ऐकू येतंय ना? हेड ऑफिस बघतंय, काका!"

काका हसतच होते.

"काका, ये अच्छी बात नहीं है. पाच दिवस मी तुम्हांला एक शब्द बोललो नाही." हिमांशू सर तरातरा चालत गेले आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका? तुम्ही इतके थंड कसे?"

त्यांनी टोपी उचलली. खाली गुळगुळीत दगडी टक्कल होतं.

ते तिथंच, देवाच्या पायाशी, म्हणजे जिथे पाय असायला हवे होते तिथे, मटकन बसले. "सोळा," ते म्हणाले. "सोळाच."

नऊ वाजून एकोणीस मिनिटं!

फुलवंतानं योगराजच्या हातातून फोन हिसकावला. "सर, रडा मागून! आजाले शेवटचं कोनी पाह्यलं?"

हेड ऑफिसची एकदम बारा वर्षांची मुलगी कशी झाली, हे विचारायचंही सरांना सुचलं नाही. त्यांच्यामागून एक जाडजूड बाई पुढे आल्या. अर्जुनी मोरगावला बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या सुशीलाबाई.

"मी मघाशी घरांचा व्हिडिओ काढला होता व बाई! धाडू का?"

"धाडा जी, लवकर!"

व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता आणि तो यायला दोन मिनिटं लागली. गोल चक्र फिरत राहिलं. पिंटू डावीकडे झुकला, नेटवर्क गेलं; दोघांनी त्याला कॉलर धरून परत ओढलं. शेवटी एकदाचा उघडला. उंच छपरं. फुलांच्या कुंड्या. आणि नवव्या सेकंदाला, कडेला, हात पाठीमागे बांधून चाललेला उघड्या डोक्याचा आजा. तो घरांकडे पाहतच नव्हता. त्याची मान रस्त्याच्या खालच्या बाजूला वळलेली होती.

"तिकडं काय चमकून राहिलं?" योगराजनं विचारलं.

फुलवंतानं चित्र थांबवलं. पाणी. चौकोनी पाणी, त्यात हिरव्या रेघा. तिला हे ओळखायला जपानी यायची गरज नव्हती.

"बांधी आहे! धानाची! मशीननं रोवली आहे, पाह्य, ओळी कशा सरळ आहेत. पन कोपऱ्यात मशीन वळली नाही. कोपरे रिकामेच राह्यले!"

"मंग?"

"मंग काय मंग! आजाले कोपरा रिकामा दिसला अन् तो पुढं गेला, असं कधी झालं आहे?" ती फोनमध्ये ओरडली, "सुशीलाबाई! रस्त्याच्या खाली पाण्यात उतरा! आजा बांधीत आहे!"

सुशीलाबाई धावत सुटल्या. सरांचा फोन हातात, कॉल चालूच. पडद्यावर आभाळ दिसलं, मग चप्पल, मग आभाळ, मग एक घाबरलेलं जपानी मांजर. नऊ पंचवीस. पिंटूनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. कुठल्या देवाचं घ्यावं हे न कळून त्यानं दगडाच्या काकांनाच हात जोडले. नऊ सत्तावीस. चप्पल, आभाळ, चप्पल.

आणि चिखल!

गुडघ्यापर्यंत पँट गुंडाळलेला, कमरेला लाल गमछा बांधलेला आजा बांधीच्या कोपऱ्यात वाकला होता. शेजारी मोठ्या टोपलीसारखी टोपी घातलेली एक जपानी आजी वाकली होती. ती जपानीत बोलत होती, आजा झाडीबोलीत, आणि दोघांचं भांडण अगदी व्यवस्थित चाललं होतं. एका जागी रोपं दोन लावायची की चार, हा मुद्दा होता.

"आजा!"

आजानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग झाडाकडे. "फुलवंता? तू कवा आली जपानले?"

फुलवंताला हसू आणि रडू एकाच वेळी फुटलं, आणि दोन्ही नाकातूनच बाहेर पडलं. "आजा, बस जाऊन राहिली! चाल ना!"

"जाऊ दे. एवढा कोपरा होऊ दे. म्हातारी एकटी लावून राहिली बिचारी."

"आजा..." तिचा आवाज बारीक झाला. "मी मोजून राहिली. सोळाच होऊन राहिले."

आजा थांबला. त्यानं हातातली रोपं चटकन शेवटच्या जागी खोचली. चार. मग जपानी आजीकडे पाहून त्यातली दोन काढून तिच्या हाती दिली, आणि बाहेर आला. "बस कायले थांबवून ठेवली?" तो म्हणाला.

बस एक वाजून चार मिनिटांनी सुटायला तयार झाली. उशीर झाल्याबद्दल चालकानं प्रत्येक प्रवाशापुढे वाकून माफी मागितली. आजानंही उलट वाकून मागितली. मग चालकानं. मग आजानं. यात आणखी सहा मिनिटं गेली.

टोपी मात्र आजानं परत घेऊ दिली नाही. देव उन्हात उघडा बसलाय, वर झाड नाही, म्हणून ती त्यानंच घातली होती. हा देव मुलांना आणि वाटसरूंना सांभाळतो, असं हिमांशू सरांनी कुणाला तरी विचारून सांगितलं. "मंग बरोबर आहे," आजा म्हणाला. "ड्युटीवर आहे तो. राहू द्या टोपी."

त्यानंतर चौथ्या दिवशी आजा घरी आला. हिमांशू सर स्वतः सोडायला आले होते. त्यांनी सगळ्या गावासमोर, तेंदूपत्त्याच्या ढिगाशेजारी उभं राहून सांगितलं, "या तिघांनी माझी लाज राखली. आता मी टोप्या मोजत नाही. एकेकाचं नाव घेतो, आणि माणसानं 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही." मग त्यांनी योगराजकडे निरखून पाहिलं. "चैतराम साहेबांना माझा नमस्कार सांगा. आणि कोंबडीलापण."

गर्दीतल्या रुख्मा आजीनं तिघांच्या तोंडावरून हात फिरवला. "पोट्टेहो, पुढच्या जनगणनेले सरकारनं तुमालेच बलावलं पाह्यजे." पिंटूला टेंभरांची अख्खी टोपली मिळाली. फुलवंतानं काही मागितलं नाही. ती आजाच्या बाजूला बसून राहिली आणि मधूनमधून त्याला मोजत होती. एक. एकच. बरोबर.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं : 'सहलीत एकही प्रवासी हरवला नाही. मात्र आपल्याकडून एक टोपी जमा झालेली नाही. खुलासा करावा.'

आजानं योगराजला कागद-पेन घेऊन बसवलं आणि खुलासा सांगायला घेतला. तो कंपनीला द्यायचं मात्र त्यानं नाकारलं. देवरीच्या पोस्टातून अर्ज गेला तो असा :

'प्रति, मा. तहसीलदार साहेब, जपान.

विषय : धान कापणीस हजर राहण्याची सोय होणेबाबत.

महोदय, मी खाली सही करणार बकाराम, आपल्या हद्दीतील डोंगरातल्या गावी एका बांधीचा एक कोपरा रोवून आलो आहे. सदर कोपरा माझ्या हातचा असल्याने त्याची कापणी मीच करणे योग्य राहील. तसेच रोपे दोन लावावी की चार, हा वाद त्याच वेळी मिटेल. सोबत नात फुलवंता मोजणीस येईल. सदर देवाच्या डोक्यावरील टोपी जागेवर असल्याची खात्री करून तसे कळवावे.

तरी मेहेरबान साहेबांनी देवरी ते सदर गाव अशी थेट बस धान पिकण्याआधी सुरू करावी. बस मुक्कामी असावी, म्हणजे पहाटे दहिवरातच कापणीला लागता येईल, ही नम्र विनंती.'