सालीला न जमणारं काम

नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर लागते. मग पावलांतलं रक्त छातीपर्यंत कोण चढवतं?

आजोबांनी, म्हणजे आबांनी, घातलेलं हे कोडं मैथिलीला अजून सुटलं नव्हतं. आज तर त्याचा विचार करायलाही वेळ नव्हता. वरूडच्या संत्रा केंद्रात दिवसभर उभ्यानं फळं निवडणारी तिची आई तिथेच खुर्चीत कण्हत बसली होती. आईच्या पोटऱ्यांवर निळ्या, गाठाळ शिरा कधीपासूनच होत्या. पण आज एकटा डावा पाय सुजून टम्म झाला होता.

"तेल लाव आणि जोरानं चोळ," आई म्हणाली.

मैथिलीनं तेलाची वाटी घेतली. संत्र्याच्या सालीच्या अर्काची पुडीही आणली. डॉक्टरांना विचारून आई ती रोज एक घ्यायची. आज दोन दिल्या तर लवकर उतार पडेल, असं मैथिलीला वाटलं.

तिचा हात पोटरीला टेकणार, तोच आवाज आला, "थांब! चोळू नको!"

तो पारखी होता, केंद्रातला यंत्रमानव. फळातली सड तो उष्णतेवरून ओळखायचा.

"डावी पोटरी उजवीपेक्षा गरम आहे. का, ते मला कळत नाही. रुग्णवाहिका बोलावली आहे. आबांनाही."

"काय करून राहिला रे तू? माझे पाय काय संत्री आहेत?" आई चिडली.

शेजारच्या प्रयोगशाळेतून आबा धापा टाकत आले. पाय पाहून त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, हलू नको."

"आबा, दोन पुड्या देऊ?"

"एकही नको. ऐक." आबा खुर्चीशेजारी बसले. "रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरेला नीला म्हणतात. चालताना पोटरीचे स्नायू तिला दाबतात, रक्त वर सरकतं. ते खाली येऊ नये म्हणून आत झडपा (एकाच बाजूला उघडणारी दारं) असतात. नुसतं उभं राहिलं की स्नायू दाबत नाहीत. रक्त साचतं, शीर ताणली जाते, झडपांतून रक्त खाली गळू लागतं."

"मग साल काय करते?"

"सालीत फ्लेव्होनॉइड (झाडं स्वतःच्या रक्षणासाठी बनवतात ती द्रव्यं) असतात. त्यांतली काही शिरेला थोडा आधार देतात. सूज, जडपणा कमी होऊ शकतो. पण बिघडलेली झडप ती दुरुस्त करत नाहीत. आणि आत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते काम त्यांचं नाहीच."

"चोळलं असतं तर?"

आबांनी तेलाच्या वाटीकडे पाहिलं.

"गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तुझी आजी तशीच गेली."

मैथिलीनं वाटी लांब सरकवली. आईनं तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात रुग्णवाहिका आली.

दवाखान्यात तपासणी झाली. "गुठळीच आहे," डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "पण जागच्या जागी आहे. वेळेत आणलंत." त्यांनी गुठळी वाढू नये म्हणून इंजेक्शन दिलं. तेव्हा कुठे मैथिली रडली.

पुढच्या हंगामात केंद्रात दर तासाला भोंगा वाजू लागला. तो वाजला की सगळ्या बाया कामं थांबवून आवारात चक्कर मारायच्या.

"चला गं, यष्टी सुटली!" आई सगळ्यांत पुढे.

आबा प्रयोगशाळेच्या दारातून बघत होते. झडप दुरुस्त करणारं द्रव्य एखाद्या झाडात आहे का, याचा शोध ते आता मैथिलीच्या सोबतीनं घेत होते. अजून काही सापडलं नव्हतं.

"आबा, तुम्हीपण दिवसभर उभेच असता," मैथिली म्हणाली. "शिरा रांगेत."

आबांनी चष्मा खिशात ठेवला आणि निमूट रांगेत शिरले.