उरानियाचं हसू

प्रेवेझ्यात, आमच्या समुद्रकाठच्या गावात, माझं कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. म्हातारी माणसं येतात, मी त्यांना काचेच्या खोलीत बसवतो, बारीक बारीक आवाज ऐकवतो आणि कोणाला किती ऐकू येतं ते तपासतो. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळायला लागते. खरंच ऐकू न आलेला माणूस कोणता आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणारा कोणता, हे मी पापणीवरून सांगतो. सोंग घेणाऱ्याची पापणी हलते. सासूची कटकट नको म्हणून बहिऱ्या झालेल्या दोन सुना मी अशाच पकडल्या आहेत.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे मला भास झाला असं कोणी म्हणायला नको.

येरासिमोस आमचा कुंबारोस. लग्नात माझ्या आणि उरानियाच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा इकडचे तिकडे केले ते त्याने. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या वरचं. सणाला तो घरात हवा, मूल झालं तर बाप्तिस्म्याला तोच उभा राहणार, आणि त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे सख्ख्या भावावर घेतल्यासारखं. बायकोच्या दुसऱ्या कुठल्याही मित्राचा नवऱ्याला राग येऊ शकतो, चार लोकांत तो बोलून दाखवताही येतो. कुंबारोसचा राग मात्र गिळायचा. मी दहा वर्षं गिळत होतो.

उरानिया आणि तो लेफकादातल्या एकाच गल्लीत वाढले. तिने मला निवडलं, त्याला नाही, हे मला माहीत होतं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नसे. कारण तिचं हसू. आधी उचकी लागल्यासारखा एक बारीक आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळी खळखळ. मासेवाल्याशी बोलताना ती असं हसायची, पाद्रीबाबांशी बोलतानासुद्धा हसायची. येरासिमोस नुसता दारात उभा राहिला तरी ती उचकी ऐकू यायची. माझ्या विनोदांनाही हसायची, नाही असं नाही, पण जरा समजूत काढल्यासारखं. ती माझ्या एकट्याची असावी, एवढंच मला हवं होतं. चारचौघांत सांगायला लाज वाटेल अशी गोष्ट आहे, पण होतं ते हेच.

सप्टेंबरात आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. येरासिमोस निद्रीच्या धक्क्यावरून परदेशी पाहुण्यांना दिवसभर बेटं दाखवायला नेतो. त्या वर्षी त्याने एका जर्मन माणसाकडून पांढरीशुभ्र शिडाची यॉट घेतली होती. तिच्यावरचा एक अख्खा दिवस त्याने आम्हाला भेट दिला. नाही म्हणायची सोय नव्हती.

"या, या!" धक्क्यावरूनच तो ओरडला. "आज ना जर्मन, ना इंग्रज. आज फक्त राजा-राणी!"

"आणि तू कोण रे?" उरानियाने विचारलं.

"मी गाढव. सामान वाहायला नको का कोणी?"

झालं. उचकी, शांतता, खळखळ. शेजारच्या बोटीवर जाळं झटकणारा माणूसही हसायला लागला.

तिने चढताना यॉटवर तीनदा थू थू केलं, नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून करतात तसं. "लागलीच तर या लाम्ब्रोसची लागेल," येरासिमोस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "बघ ना कसा बघतोय! अरे कुंबारे, तुला हवी तर घेऊन जा." मीही हसलो. माझ्या पोटात दुखत होतं आणि ते त्या यॉटसाठी नव्हतं.

मेगानिसी बेट मागे टाकून आम्ही आतोकोसकडे निघालो. वारा बेताचा होता. ती दोघं सुकाणूपाशी गल्लीतल्या कोणा तासो मास्तरांच्या गोष्टी काढून बसली, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, आणि मी पुढे टोकाला जाऊन पाय सोडून बसलो. आतोकोसवर वस्ती नाही. एका खाडीत एकच एक दगडी घर आहे आणि किनाऱ्यावर मोकाट डुकरं. येरासिमोसने बेटाला वळसा घातला आणि कड्याच्या बाजूला इंजिन मंद करून यॉट तशीच तरंगत ठेवली. कडा उभा, राखाडी, आडव्या पट्ट्यांचा. त्याच्या तळाशी एक ठेंगणी कमान होती आणि तिच्या आत पाणी एकदम काळंनिळं झालेलं दिसत होतं.

"मी आत जाऊन येते," उरानिया म्हणाली.

"काही नाही गं तिथे. माझा बाप म्हणायचा, त्या गुहेत खेकडासुद्धा राहत नाही."

"का बरं?"

"भाडं परवडत नसेल."

ती हसत हसतच पाण्यात पडली. हसतच पोहत गेली, कमानीखाली वाकली आणि दिसेनाशी झाली. आणि तिथेच मला पहिली गोष्ट खटकली. दगडी गुहेत शिरलेला आवाज दुप्पट होऊन परत यायला हवा. तिचं हसू आत गेलं आणि मधेच कापल्यासारखं बंद झालं.

आम्ही वाट पाहिली. येरासिमोसने एकदा हाक मारली, मी एकदा. माझीही हाक परत आली नाही. गाद्यांच्या ढिगात तोंड खुपसून ओरडावं तसं वाटलं. कड्यावरचे किडे किरकिरत होते तेही गप्प झाले होते, की आधीपासूनच गप्प होते, ते आता सांगता येणार नाही.

येरासिमोसने सदरा काढला. "मी बघून येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा दंड धरून मी त्याला मागे ओढलं. "माझी बायको आहे ती. मी बोलावतो." आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "उरानिया! माझ्याकडे ये!"

ती आली.

कमानीतून बाहेर आली तेव्हा ती पोहताना पाण्याचा आवाज होत नव्हता. तिचे डोळे माझ्यावर होते. शिडीपाशी येरासिमोस मोठा टॉवेल उघडून उभा होता. "काय गं, जीव घेतेस का आमचा?" तो म्हणाला. ती त्याच्या बाजूने चालत आली आणि तिच्या खांद्याला लागून टॉवेल खाली पडला. तिने वळून पाहिलं नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली, अगदी लागून, आणि माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"तू बोलावलंस," ती म्हणाली.

खरं सांगतो, माझ्या जिवाला गार गार वाटलं. येरासिमोस तो टॉवेल उचलून घडी करत बसला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटातलं दुखणं थांबलं.

मग आम्ही डुकरांच्या खाडीत नांगर टाकला आणि जेवायला बसलो. त्याने मुद्दाम तिच्या आवडीचं केलं होतं. रोझमेरी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले तळलेले मासे, गार मसुरांची कोशिंबीर, पाव. एरवी ती त्या रसात पाव बुडवून बोटं चाटत बसते. त्या दिवशी तिने ताटाकडे पाहिलंही नाही. ती काटे काढून मला एकेक तुकडा भरवत होती.

"तासो मास्तरांच्या गाढवाचं सांगू का लाम्ब्रोसला?" येरासिमोसने विचारलं.

ती माझ्यासाठी पुढचा काटा काढत राहिली.

"उरानिया? रागावलीस का?"

तो वाकला आणि तिच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. खाडीतली डुकरं उधळली. मी तिच्या पापणीकडे बघत होतो. पापणी हलली नाही. माझा धंदाच तो आहे, माझी चूक होणार नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं.

"उरानिया," मी पुटपुटलो, ओठही नीट न हलवता.

"काय रे?" ती लगेच म्हणाली.

टेबलावर तिचा फोन वाजायला लागला. तिच्या बहिणीचा फोन होता, लग्नाच्या वाढदिवसाचा असणार. तो वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी येरासिमोसला म्हटलं, "जरा पाणी दे." तेव्हा तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"तू सारखा कोणाशी बोलतोस?" तिने विचारलं. "इथे आपण दोघंच आहोत ना?"

येरासिमोसच्या हातातला पेला खाली पडला. काच सगळीकडे पसरली. ती गोळा करायला तो वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा त्या कड्याखालून जावं लागतं. उरानिया मागच्या गादीवर बसली होती. मी उठलो की तिचे डोळे माझ्याबरोबर उठायचे. येरासिमोसने मला खुणेनेच सुकाणूपाशी बोलावलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"लाम्ब्रो," तो हळू आवाजात म्हणाला, "ही ती नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अरे, मी तिला ती चालायला लागल्यापासून ओळखतो. तिला राग आला तर ती चपला फेकून मारते. अशी गप्प बसत नाही. तिच्या डोळ्यांत बघ एकदा. तूच बघ आणि सांग."

मला बघायची गरज नव्हती. शिडीवरून ती वर आली तेव्हाच माझ्या मनाने ते हेरलं होतं आणि मी ते दाबून टाकलं होतं. पण हे त्याने आधी तोंडाने म्हणावं? माझ्या बायकोला त्याने माझ्याआधी ओळखावं? आणि मी मान डोलवून म्हणावं, हो बाबा, तुलाच ती जास्त कळते?

"तिला उन्हाचा त्रास झालाय," मी म्हणालो. "तुला वाईट वाटलं ते यासाठी, की आज ती तुझ्याशी बोलली नाही."

हे त्याला वर्मी लागलं. तो सुकाणूकडे वळला.

कडा जवळ आला. ती कमान दिसायला लागली.

आणि आतून उचकी लागल्यासारखा एक बारीक आवाज आला.

मग क्षणभर काहीच नाही.

मग ती खळखळ.

येरासिमोसने इंजिन एकदम बंद केलं. आता त्या गुहेतून आवाज नीट येत होता, दगडावर आपटून, दुप्पट होऊन. तो हसण्याचाच आवाज होता. थोडा थकलेला, थोडा घाबरलेला, कोणीतरी बराच वेळ अंधारात बसून स्वतःला धीर द्यायला हसावं तसा. काचेच्या खोलीत मी हजारो आवाज ऐकले आहेत. हा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

येरासिमोसने सुकाणू सोडलं. त्याने मागे गादीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं, गुहेकडे पाहिलं आणि मग माझा खांदा पकडला.

"मला वेड लागलंय की काय ते तू सांग," तो म्हणाला. "ती इथे बसलीय हे दिसतंय मला. पण कानांचं तुला कळतं, मला नाही. तू म्हण, आणि मी आत्ता उडी मारतो. ते काय आहे, लाम्ब्रो?"

एक शब्द पुरे होता. तो आत गेला असता. त्याने तिला बाहेर आणलं असतं, त्याच्या खांद्यावर हात टाकून ती शिडीशी आली असती, आणि जन्मभर घरात हेच सांगितलं गेलं असतं की येरासिमोसने ओळखलं, नवऱ्याने नाही.

"वारा आहे," मी म्हणालो. "अशा पोकळीत लाट आत दाबली गेली की असाच आवाज होतो. इंजिन चालू कर."

"नक्की?"

"माझा धंदा आहे तो."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. कुंबारोस कुंबारोसवर ठेवतो. तो रडत होता, पण त्याने इंजिन चालू केलं.

मी मागे जाऊन गादीवर बसलो. ती लगेच सरकून मला चिकटली. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती आवळली गेली.

"कोण हसत होती ती?" तिने विचारलं. "तुझी कोण लागते?"

दिवसभरात तिने ऐकलेला माझ्याशिवाय दुसरा आवाज तो एकच होता.

"कोणी नाही," मी म्हणालो.

गुहेतलं हसू थांबलं. कडा मागे पडत होता. मी कान टवकारून बसलो होतो. आता ती हाक मारणार हे मला ठाऊक होतं, आणि कोणाला मारणार हेही ठाऊक होतं. त्याचं नाव ऐकायची मी मनाची तयारी करून ठेवली होती. ते एकदा कानांवर पडलं असतं तर मी केलं ते बरोबरच होतं असं स्वतःला सांगता आलं असतं.

इंजिनाच्या आवाजातूनही हाक आली. बारीक, पण स्वच्छ.

"लाम्ब्रो!"

मग पुन्हा, "लाम्ब्रो, इथे आहे मी!"

येरासिमोसने मागे वळून पाहिलं नाही. मी सांगितलं होतं त्याला, तो वारा आहे.

माझ्या शेजारी बसलेलीने माझं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि माझ्या वरच्या कानावर आपला तळहात हळूच झाकण घातल्यासारखा ठेवला. मी तो बाजूला केला नाही.